चिठ्ठीमागचा चौकोन

पेन्सिलीला टोक ते ब्लेडने काढत, आणि निघालेला भुसा काड्यापेटीत ठेवत. दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघत. फोन उचलला की आधी खाकरत, मग ‘हं’ म्हणत, मग परत खाकरत. रांगेत मुद्दाम मागे उभे राहत, कारण पुढच्यांचं बोलणं मागे ऐकू येतं. शर्टाचा डावा खिसा कोऱ्या चिठ्ठ्यांसाठी, उजवा लिहिलेल्या चिठ्ठ्यांसाठी. दोन खिशांचे शर्ट तयार मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी शिंप्याकडून दुसरा खिसा लावून घेतला.

आणि ‘बहुतेक’ हा शब्द ते कधीही उच्चारत नसत. येणार असले तर ‘येतो’. नसले तर ‘येत नाही’. माहीत नसलं तर गप्प.

त्यांना सगळे चिठ्ठीवाले म्हणत. त्यांची बायकोसुद्धा, रागात असली की.

बायकोचा सगळा संसार मात्र त्याच एका शब्दावर चालायचा. “पाणी तापलं असेल बहुतेक.” “लेक रविवारी फोन करेल बहुतेक.” “गॅस संपत आलाय बहुतेक.”

“म्हणजे संपत आलाय की नाही?” चिठ्ठीवाले विचारत.

“हलवून बघा की! तुमचे हात काय शब्दकोशात अडकलेत?”

हात खरंच तिथे अडकले होते. एकतीस वर्षं. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्यांत शब्दकोशाचं कार्यालय होतं. भिंतीला लागून लाकडी खणांची रांग, खणांत चिठ्ठ्या. इंग्रजी शब्द आपल्या माणसांच्या तोंडी जसे रुळलेत तसे टिपायचे आणि त्यांचे अर्थ द्यायचे, हे तिथलं काम. नियम एकच आणि कडक. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेल्या वाक्याशिवाय अर्थ द्यायचा नाही. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला वाक्य, कोण बोललं, कुठे, कधी. आणि जो ऐकेल त्यानेच लिहायचं. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही.

बाकी शब्दांच्या चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी असे. ‘प्रॉबॅबली’ या शब्दाला चिठ्ठीवाल्यांनी मागे एक चौकोन काढायला सुरुवात केली. चौकोनाच्या वर बारीक अक्षरात लिहायचं, ‘झालं का?’ मेकॅनिक म्हणाला, पंप प्रॉबॅबली उद्या चालू होईल. झाला का? कारकून म्हणाली, साहेब प्रॉबॅबली चारला येतील. आले का? चिठ्ठीवाले दुसऱ्या दिवशी तिथे परत जात, विचारत, आणि चौकोनात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहीत.

“एका क्रियाविशेषणापायी एकवीस वर्षं!” संपादक कपाळाला हात लावत. “अहो, ‘बहुधा’ लिहा आणि पुढे चला.”

“‘बहुधा’ कोण बोलतं हो, साहेब? शेवटचं कधी ऐकलंत?”

“मी ऐकलं,” टायपिस्टबाई मान वर न करता म्हणाल्या. “आत्ताच. साहेबांच्या तोंडून.”

संपादकही हसले. पण त्या महिन्यात ते हसण्याच्या मनःस्थितीत फारसे नव्हते. ‘पी’ या अक्षराची पानं महिनाअखेर छापायला जायची होती. सगळे शब्द झाले होते. तेवढा एक उरला होता.

“माणसाला खुर्ची दाखवता येते,” चिठ्ठीवाले म्हणत. “पाणी दाखवता येतं. हा शब्द कसा दाखवायचा? पुढे काय झालं ते कळल्याशिवाय याचा अर्थ कसा लिहू?”

त्याच महिन्यात एका सकाळी दाढी करताना त्यांना गाठ लागली.

डाव्या जबड्याखाली. वाटाण्याएवढी. बोटाने दाबली तर हलली नाही. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, आरशाकडे पाठ केली आणि परत दाबली. मग उरलेली दाढी केली. हनुवटीवर कापलं. बायकोने विचारलं तर म्हणाले, ब्लेड नवं आहे.

त्या दिवसापासून ते गळ्याचं बटण लावू लागले. जेवताना घास गिळला की तिथे काही अडतंय का, याकडे लक्ष. झोपताना उजव्या कुशीवर. बोट सारखं तिथे जाई. ते हात खाली आणत, बोट परत जाई. दुखत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटे. दुखरी जागा निदान ओळखीची तरी वाटते.

चौथ्या दिवशी ते घरी न सांगता डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांची बोटं गार होती. बोटांनी गाठीभोवती फिरून पाहिलं, खाली मानेपर्यंत गेली, काखेत गेली. काखेत कशाला, हे विचारायची चिठ्ठीवाल्यांची छाती झाली नाही. मग सुई टोचून नमुना घेतला. सुई बाहेर आल्यावर डॉक्टर हात धुता धुता सहज म्हणाले,

“घाबरू नका. प्रॉबॅबली साधीच गाठ आहे.”

चिठ्ठीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. आणि हात डाव्या खिशात गेला. एकवीस वर्षांची सवय. त्यांनी ठरवून केलं नाही. चिठ्ठी बाहेर आली, मांडीवर ठेवली, वाक्य लिहिलं. डॉक्टर, दवाखाना, वेळ साडेअकरा. चिठ्ठी उलटी केली, चौकोन काढला.

नळ बंद झाला.

“काय लिहिताय?”

“तुम्ही म्हणालात ते.”

“कशासाठी?”

“नोंद ठेवतो. पुढे खरं ठरतं की नाही ते बघायला.”

हे ते मेकॅनिकला सांगत, कारकुनाला सांगत, आणि लोक हसत. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

“वकिलांनी सांगितलंय का असं करायला?”

“अहो, छे! शब्दकोशासाठी…”

“सिस्टर!” डॉक्टरांनी हाक मारली. नर्स दारात आली. “जरा इथे थांबा.” मग ते चिठ्ठीवाल्यांकडे वळले, पण डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. “हे बघा. मी काहीही म्हणालेलो नाही. गाठ साधी असू शकते, नसूही शकते. रिपोर्ट गुरुवारी. तोपर्यंत मी काही सांगू शकत नाही. आता हे लिहा हवं तर.”

चिठ्ठीवाल्यांनी ते लिहिलं नाही.

ते रस्त्यावर आले. फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले. कुणीतरी आपल्या हाती एक ऊबदार वस्तू दिली, आणि आपण ती उलटीपालटी करून बघण्याच्या नादात खाली पाडली, असं त्यांना वाटलं. परत जाऊन सांगावं का, की चिठ्ठी फाडतो, तुम्ही तेवढं एकदा परत म्हणा? पण माणसाने मागून घेतलेला शब्द कसा धरायचा? आणि धरला तरी डॉक्टरांच्या ‘प्रॉबॅबली’चं खरं काय ठरतं?

पायरीवरून उठता उठता त्यांना आठवलं, हे कळायला मार्ग आहे. खणात आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा खण टेबलावर उपडा केला. दोनशे चौदा चिठ्ठ्या. त्यांनी आधी चौकोन मोजले. एकशे एकतीस ‘हो’, बहात्तर ‘नाही’, अकरा कोरे. मग बोलणाऱ्यांप्रमाणे गठ्ठे लावले. मेकॅनिक सगळ्यात खरे. सरकारी कार्यालयं सगळ्यात खोटी. घरमालक निम्मे निम्मे. शेवटी त्यांनी एकच गठ्ठा हातात घेतला. डॉक्टर. चौदा चिठ्ठ्या.

आठ ‘हो’. पाच ‘नाही’.

आठ आणि पाच. ते परत मोजत राहिले. कधी आठाने धीर येई, कधी पाचाने तो सुटे. पाचातल्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मुलगा, वय नऊ, ताप’. ती त्यांनी खाली सरकवली.

“पत्ते मांडलेत का आज?” टायपिस्टबाईंनी विचारलं. “आम्हालाही एक डाव द्या.”

“मोजतोय.”

“आणि गळ्याचं बटण? फोटो काढायचाय का कुठे?”

चिठ्ठीवाल्यांनी पुढची चिठ्ठी उलटी केली. टायपिस्टबाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि परत जाऊन टाइप करू लागल्या. नेहमीपेक्षा हळू.

चौदावी चिठ्ठी कोरी होती. सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा ते पाठदुखीसाठी मोठ्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर एका बाईंना दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “प्रॉबॅबली काही नाही. तरी तपासून घेऊ.” बाईंच्या हातात हिरवी छत्री होती. त्यांनी नोंदणीच्या खिडकीवर सांगितलेला पत्ता चिठ्ठीवर होता. चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसरा मजला.

तेव्हा ते दोनदा त्या जिन्यापर्यंत गेले होते आणि दोनदा परत आले होते. पंपाचं विचारता येतं. हे कसं विचारणार? आणि दार दुसऱ्याच कुणी उघडलं तर?

बुधवारी दुपारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

जिना अरुंद होता. खाली हातोडीची ठकठक चालली होती. दुसऱ्या मजल्यावर एकच दार. दाराबाहेर खुंटीला हिरवी छत्री टांगलेली होती. चिठ्ठीवाल्यांना एक क्षण हायसं वाटलं. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, छत्री माणसामागेही टिकते. घरचे ती वापरत राहतात. त्यांनी कठडा धरला. मग बेल वाजवली.

एका जाडजूड तरुणाने दार उघडलं. “कोण पाहिजे?”

“इथे एक बाई राहत होत्या…”

“होत्या म्हणजे?”

चिठ्ठीवाल्यांनी जीभ चावली. शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस. “राहतात का?”

“कोण आहे रे?” आतून आवाज आला. घोगरा. मागोमाग बाई आल्या, खांद्यावर ओले कपडे, तोंडात कपड्याचा चिमटा. चिमटा काढून म्हणाल्या, “काय विकायला आलात?”

“नाही, विचारायला आलोय. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात मी तुमच्याजवळ बाकावर बसलो होतो.”

“बरं. मग?”

“डॉक्टर तुम्हाला म्हणाले होते, प्रॉबॅबली काही नाही.”

मुलगा पुढे सरकला. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. “तू कपडे घाल वाळत. जा.” तो गेला. चिठ्ठीवाल्यांनी खिशातून काढलेल्या चिठ्ठीकडे बाई बघत राहिल्या. “आणि हे विचारायला तुम्हाला सहा वर्षं लागली?”

“हो. खरं झालं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तेच निघालं.” त्यांनी गळ्याभोवतीचा रुमाल बाजूला केला. कानाखालून गळ्यापर्यंत पांढुरका वण होता, उसवून परत शिवल्यासारखा.

चिठ्ठीवाले उभ्या जागी खालीच बसले, उंबऱ्यावर.

“अहो! पाणी आणू का?”

“नको. म्हणजे… खोटं ठरलं. आणि तरी तुम्ही…”

“तरी मी कपडे वाळत घालत होते. तुम्ही येऊन खोळंबा केलात.”

चिठ्ठीवाल्यांनी पेन्सिल काढली. चौकोनावर टेकवली. लिहिलं नाही.

“लिहा ना. ‘नाही’ लिहा. खरं तेच आहे.”

“पण तुम्ही आहात.”

“मग त्याला जागा ठेवली नाहीत का तुमच्या चिठ्ठीवर?” असं म्हणून त्या हसल्या. मग त्यांची नजर चिठ्ठीवाल्यांच्या गळ्याच्या बटणावर गेली. वाकून, न विचारता, त्यांनी कॉलर थोडी बाजूला केली, जसं शाळेत जाणाऱ्या मुलाचं करतात. हसू मावळलं.

“रिपोर्ट कधी आहे?”

“उद्या.”

“घरी सांगितलंय?”

चिठ्ठीवाल्यांनी कॉलर परत वर ओढली.

“एकटे जाऊ नका. मी गेले होते एकटी, कुणाला कशाला घोर म्हणून. परत येताना घराचा रस्ता चुकले. बावीस वर्षं याच घरात राहत होते आणि रस्ता चुकले.” त्यांनी रुमाल नीट केला. “भीती दोघांत वाटून घेतली की निम्मी होते असं काही नाही हं. तेवढीच राहते. पण रस्ता सापडतो.”

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “आठ दिवस तुम्ही गळ्याचं बटण लावून माझ्यासमोर जेवताय. आणि मला वाटलं, थंडी वाजते बहुतेक.” मग तिने परात बाजूला ढकलली आणि कणकेच्याच हाताने त्यांचा चेहरा धरून उजेडाकडे वळवला. “कुठे आहे? दाखवा.” बोट तिथे लागलं तसं तिने डोळे मिटले. “हुशार समजता स्वतःला. चिठ्ठीवाले!”

गुरुवारी डॉक्टरांनी नर्सला दारात उभं करूनच रिपोर्ट वाचला. सावकाश, एकही शब्द पदरचा न घालता. गाठ साधी नव्हती. शस्त्रक्रिया लगेच करायची. सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी सकाळी पहिला नंबर.

दवाखान्याबाहेर चिठ्ठीवाल्यांनी खिशातून दोन चिठ्ठ्या काढल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे ‘नाही’ लिहिलं. हिरव्या छत्रीच्या चिठ्ठीमागेही ‘नाही’ लिहिलं. मग थोडं थांबून तिच्या चौकोनाशेजारी दुसरा चौकोन काढला. त्याच्यावर काही लिहिलं नाही आणि आतही काही लिहिलं नाही. बायको त्यांचा कोपर धरून उभी होती. रस्ता त्यांना बरोबर सापडला.

मंगळवारी सकाळी त्यांना दवाखान्याचा हिरवा झगा घातला. त्याला खिसा नव्हता. एकही. चिठ्ठीवाल्यांचे हात छातीवर इकडे तिकडे चाचपत राहिले. सर्जन पलंगाशी आले. वयस्क, घाईतले. कागद चाळले, म्हणाले, “आठवड्याभरात घरी जाल, प्रॉबॅबली,” आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

चिठ्ठीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने पर्स उघडली. आत रुमाल, किल्ल्या, आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. पेन्सिलीला टोकही काढलेलं होतं, ओबडधोबड, सुरीने.

“तुम्हीच लिहा,” ती म्हणाली. “ऐकलं त्यानेच लिहायचं ना?”

“तूही ऐकलंस.”

“मी असल्या शब्दांची नोंद ठेवत बसले तर स्वयंपाक कधी करू?”

त्यांनी लिहिलं. ‘घरी’ दोनदा लिहावं लागलं. मागे चौकोन काढला. त्याची एक बाजू जुळली नाही. चिठ्ठी तिच्या हातात दिली. बाहेर चाकांचा आवाज येऊ लागला. ढकलगाडी एकेका दाराशी थांबत येत होती.

“घाबरलात का?” बायकोने विचारलं.

ते उत्तर शोधत राहिले. ‘हो’ म्हटलं असतं तर ती कोसळली असती. ‘नाही’ हे धडधडीत खोटं. गप्प राहावं, तर गाडी शेजारच्या दाराशी आली होती.

“बहुतेक,” ते म्हणाले.

बायको हसली. हसता हसताच तिने पदर तोंडाला लावला. “तीस वर्षं मी बोलतेय तेव्हा टोचत होतं,” ती म्हणाली. “आता बरं सुचलं.”

शस्त्रक्रिया नीट झाली. बुधवारी ते शुद्धीवर होते. बोलता येत नव्हतं, बोटाने बायकोच्या तळहातावर काहीतरी लिहीत होते, तिला वाचता आलं नाही. गुरुवारी ताप चढला. तो उतरला नाही. शुक्रवारी सकाळी ते गेले.

तेराव्या-चौदाव्या दिवशी बायको कार्यालयात आली. पर्समधून चिठ्ठी काढून टायपिस्टबाईंसमोर ठेवली. दोनशे सोळावी. टायपिस्टबाईंनी उलटी करून पाहिली. चौकोन कोरा होता.

“काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे,” संपादक हळू म्हणाले. “लिहून टाका.”

“ऐकलं त्यानेच लिहायचं,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “नियम आहे.” मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. “तुम्हीही तिथेच होतात ना?”

बायकोने पर्समधली पेन्सिल हातात घेतली. बराच वेळ धरली. मग ओबडधोबड टोकाकडे बघून ती परत पर्समध्ये ठेवली. चिठ्ठी तशीच खणात गेली.

ज्यावर अर्थ लिहायचा ते ‘प्रॉबॅबली’चं मुख्य कार्ड चिठ्ठीवाल्यांच्या टेबलावर काचेखाली होतं. दाखल व्हायला निघण्याआधी, त्या सोमवारी सकाळी, ते तासभर कार्यालयात आले होते. बायको खाली चष्म्याच्या दुकानापाशी पिशवी घेऊन उभी होती आणि वर बघून हाका मारत होती.

“अहो, नंबर जाईल! चला!”

“आलो. एक ओळ.”

“ती परत आल्यावर लिहा!”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला होता. जिन्याच्या वरच्या दाराचं कुलूप त्यांनी तीनदा ओढून बघितलं, आणि मग आठवलं की आत टायपिस्टबाई आहेत. कुलूप उघडून, ओशाळून, माफी मागून ते खाली गेले.

कार्डावर पहिल्या ओळीत ‘बहुधा’ लिहून खोडलं आहे. दुसऱ्या ओळीत ‘बहुतेक’ आहे. त्याच्यावर रेघ ओढायला सुरुवात केली होती, ती मध्येच सोडून दिली आहे. तिसरी ओळ अशी: ‘बोलणाऱ्याला नक्की माहीत नसतं, तेव्हा ऐकणाऱ्याने’.

त्यापुढे पेन्सिलीचा एक ठिपका आहे. पूर्णविराम नाही. टोक टेकवून उचललेलं आहे.